झुंबर फुटलं कुणामुळे?

सौदीतल्या अल सुलैच्या गोदामात झुंबराची पेटी पडली, तेव्हा स्टोअरकीपर सिराजुद्दीन चहावाल्याला हात करत होता. फोर्कलिफ्टवरच्या हरिहरला वाटलं, तो आपल्यालाच 'मागे ये' म्हणतोय. हरिहर मागे आला, रॅकला धडकला आणि लग्नाच्या हॉलसाठी आलेल्या सहा फुटी झुंबराचा भुगा झाला.

हॉलचे मालक अबू माजिद यांनी कंपनीवर दावा ठोकला. कंपनीने कोर्टात सांगितलं, दोष आमचा नाही, सिराजुद्दीनचा. त्यालाही दाव्यात ओढा. कंपनीच्या कायदा विभागातला पुण्याचा विनय नोटीस घेऊन आला.

"काका, तुम्ही आता तिसरा पक्ष."

"मी? मी तर चाय मागवीत होतो! हरिहरला घाल."

हरिहर खवळला. "हात तुम्ही केलात! आणि रॅक वाटेत कुणी उभा केला? त्या रॅकवाल्याला घाल."

रॅकवाल्याने फरशीवाल्याकडे बोट दाखवलं, फरशीवाल्याने गोदामाच्या मालकाकडे. महिन्याभरात नावं एका कागदावर मावेनात. सिराजुद्दीनने मात्र धावपळ करून चहावाल्याचा जबाब मिळवला आणि स्वतःचं नाव वगळायचा अर्ज तयार करवला.

त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर यादी लागली. स्टोअर आणि फोर्कलिफ्टच्या जागांवर आता सौदी माणसं घ्यायची होती. सिराजुद्दीन आणि हरिहर, दोघांनी जानेवारीअखेर गावी परतायचं होतं.

सिराजुद्दीनची बायको हफीजा हे ऐकून मटकन बसली. "अवो, झोयाची दहावीची परीक्षा मार्चात. दोन म्हयने थांबाक काय होतंय कंपनीला?"

"पप्पा, बोर्ड्सच्या आधी आय ॲम नॉट गोइंग," आतून झोया ओरडली.

दुसऱ्या दिवशी विनयने अर्ज पुढे केला. "काका, इथे सही करा. नाव निघालं की लगेच एक्झिट मिळेल."

"आणि नाही निघालं तर?"

"मग दावा संपेपर्यंत देश सोडता येणार नाही. कंपनीला तुमचा इथे राहायचा परवाना, इकामा, वाढवून द्यावा लागेल. वर्षभर तरी हलायला नको."

सिराजुद्दीनने पेनाचं टोपण पुन्हा लावलं, अर्जाचे चार तुकडे केले आणि खिशात घातले.

तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "नुकसान कुणामुळे झालं?"

सिराजुद्दीन ताडकन उठला. वीस वर्षांत जमवलेलं सगळं अरबी पणाला लावून म्हणाला, "माझ्यामुळे. हात मीच केला."

"खोटं!" मागून हरिहर ओरडला. त्यालाही विनयने तेच सांगितलं होतं. "गाडी माझ्या हातात होती. चूक माझी!"

"तू गप बस. चूक माझीच!"

"काका, तुम्ही मोठे आहात म्हणून ऐकून घेतो, पण चूक माझी!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. अबू माजिद यांचे डोळे पाणावले. ते सावकाश उठले.

"आजच्या काळात स्वतःची चूक अशी कोण कबूल करतं? एका झुंबरासाठी मी अशा माणसांना कोर्टात उभं करू? मी दावा मागे घेतो. माफ केलं. खलास!"

सिराजुद्दीनने धावत जाऊन अबू माजिद यांचा हात धरला. घाबरून त्याचं अरबी पार आटलं होतं.

"नको ओ साहेब, इतक्यात माफ करू नका! निदान मार्चपर्यंत तरी रागवा!"

अबू माजिद यांनी गहिवरून विनयकडे पाहिलं. "काय म्हणतोय बिचारा?"

विनयने मान खाली घातली. "दुआ देतायत."