काशिनाथ मिस्त्रींची फुली

काशिनाथ मिस्त्रींची गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, गाडीवाल्यांच्या गप्पांत कुणी म्हणालं, "शेट, तुमच्या त्या मिस्त्रीचा किस्सा सांगा की," की मी एसटीचा किस्सा सांगायचो. लोक हसायचे. हसणं थांबायच्या आत मी विषय बदलायचो. पुढचा अर्धा भाग टाळायला इतकी वर्षं जमलं. आता वय पंच्याहत्तरीला आलंय, त्यामुळे आधी नेहमीचं सांगतो आणि यावेळी तिथं थांबत नाही.

मिस्त्री एसटीत चढण्याआधी एसटीखाली शिरत.

कर्जतच्या स्टँडवर हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं. गाडी लागली की माणसं दाराशी झोंबायची आणि धोतराएवढा घोळदार लेंगा घातलेला एक वाळका माणूस पिशवी तोंडात धरून मागच्या चाकाशी आडवा व्हायचा. खालून आवाज यायचा, "गप बसा रं जरा! हवा कुठं सुटते ती ऐकू द्या." आख्खी गाडी गप्प. मग लेंगा झटकत बाहेर येऊन मिस्त्री निकाल द्यायचे. "चला, बसा. न्हेईल ही." एकदा मात्र त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मी दुसरीनं येतो." त्यांच्यामागून अकरा माणसं खाली उतरली. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "मामा, पुढच्या खेपेला उतरायचं तर गुपचूप उतरा. माझी नोकरी जाईल."

माझं गॅरेज लोधिवलीजवळ, जुन्या हायवेला लागून. घाट चढणाऱ्या नि उतरून आलेल्या अवजड गाड्या माझ्याकडे ब्रेकसाठी थांबत. मी स्वतः ब्रेकचाच माणूस. पण माझं सगळं आयुष्य जुन्या, डब्यासारख्या बंद ड्रम ब्रेकमध्ये गेलं. पुढे ट्रेलरला आणि मोठ्या गाड्यांना हवेवर चालणारे डिस्क ब्रेक यायला लागले. कंपनीने प्रत्येक गॅरेजमधून एक माणूस तीन दिवसांच्या शिक्षणाला पुण्याला बोलावला. मला बोलावणं होतं. मी म्हटलं, मला आता कोण काय शिकवणार? आणि मिस्त्रींना पाठवलं.

तीन दिवसांनी जो माणूस परत आला तो वेगळाच होता. वय पन्नाशीच्या पुढे, पण परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा. तिथं मिळालेलं प्रमाणपत्र त्यांनी चौकटीत घालून घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलं. तसबिरीपेक्षा ते दोन बोटं खाली होतं, हे ते आवर्जून दाखवत. त्यानंतर गॅरेजमधल्या प्रत्येक वादाचा शेवट एकाच वाक्याने व्हायचा, "पुण्यात सांगितलंय." चहात साखर किती, पंखा कुठल्या नंबरवर, दुपारी झोपावं की नाही, हे सगळं त्या तीन दिवसांत पुण्यात सांगून झालं होतं.

त्यांचं दुसरं वाक्य, "आतलं बघितलं का?" डिस्क ब्रेकमध्ये लोखंडी थाळी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीसारखे दोन पॅड धरतात. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतून सहज दिसतो, आतला दिसत नाही. मिस्त्रींनी दाढीचा गोल आरसा वाकड्या तारेला बांधून घेतला होता. तो खालून आत घालून ते दातांच्या डॉक्टरसारखे बघत बसायचे. मग दोन्ही हातांनी कॅलिपर धरून हलवायचे. कॅलिपर म्हणजे ती चिमटी. ती आपल्या पिनांवर नखभर सरकली पाहिजे. पिना गंजून धरल्या तर आतला पॅड एकटाच झिजत जातो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय जाड पॅड आहेत!

हा आरसा त्यांच्या खिशातून कधी बाहेर येईल याचा नेम नसे. बाजारात कलिंगडाच्या ढिगाखाली, देवळाबाहेर काढलेल्या चपलांमध्ये, कुठंही. पुतणीसाठी नेरळला मुलगा बघायला गेले. सगळे पोहे खात असताना मिस्त्री गायब. मुलाचा टेंपो अंगणात होता आणि त्याच्याखालून लेंगा दिसत होता. हात पुसत आत आले आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पुढचा डावा पॅड बदलंल त्या दिवशी साखरपुडा." मुलगा म्हणाला, "मामा, तो तर महिन्यापूर्वी बघितला." "आतलं बघितलं का?" मुलगा तसाच अंगणात गेला. चार दिवसांनी पॅड बदलून तो स्वतः टेंपो दाखवायला गॅरेजवर आला. आज त्या दोघांना दोन मुलं आहेत.

गाडी तपासून झाली की मिस्त्री टायरवर खडूने खूण करत. सरळ रेघ आणि खाली 'का' म्हणजे गाडी न्या. फुली म्हणजे गाडी हलवायची नाही. फुलीची गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते गॅरेज सोडत नसत, मग रात्र झाली तरी. चौकला, खालापूरला, खोपोलीला ड्रायव्हर लोकांत ही रेघ ठाऊक होती. रेघ बघितल्याशिवाय कितीतरी जण स्टिअरिंगला हात लावत नसत. माझ्या गॅरेजच्या पाटीवर माझं नाव होतं, पण लोक यायचे ते या रेघेसाठी. हे मला कळत होतं आणि, आता लपवून काय करू, ते मला खुपत होतं.

त्या दिवशी एक ट्रेलर आला. ड्रायव्हर बबन. कर्जतच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. त्या वाडीतून एवढी मोठी गाडी चालवणारा तो पहिलाच. ट्रेलरचा मालक नवा होता आणि तोही सोबत आला होता. मिस्त्रींनी मागच्या उजव्या चाकाशी बराच वेळ घालवला. कॅलिपर दोन्ही हातांनी ओढला, पायाने रेटला, मग उठले आणि टायरवर फुली मारली.

"पिना धरल्यात. आतला पॅड पार गेलाय. सामान पनवेलवरनं येईल, उद्या सकाळी करतो."

मालक माझ्याकडे बघून हसला. "शेट, गॅरेज तुमचं आहे की यांचं?"

बस, एवढंच. आणखी काही झालं नाही. चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हर उभे होते, तेही हसले. मी मिस्त्रींना म्हटलं, "एवढं काही नसेल. मीही चाळीस वर्षं ब्रेकच केलेत."

"ड्रमचं केलंत, शेट. ह्यो ड्रम नाय."

आता टपरीवरचे मोठ्याने हसले. मिस्त्री कुणाला टोमणा मारत नसत. जे खरं होतं तेच ते बोलले होते. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हटलं, "मग तुम्ही घरी जा. आज तुमची गरज नाही. जा म्हणतो ना!"

त्यांनी खडू खिशात टाकला. मग हात धुतले, पिशवी घेतली आणि गेले. तपासलेली गाडी उभी असताना ते घरी गेल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी चाकाशी वाकलो आणि फटीतून बघितलं. बाहेरचा पॅड अंगठ्याएवढा जाड. ड्रमवर वाढलेल्या माणसाचे डोळे, दिसलं तेवढ्यावर खूश झाले. मी ओल्या फडक्याने फुली पुसली. तिथं रेघ ओढली. आणि खाली 'का' काढला, कारण त्याशिवाय बबन गाडी काढणार नाही हे मला माहीत होतं. बबन जेवून आला, रेघ बघितली, टायरवर थाप मारली आणि म्हणाला, "मामा कुठं गेलं?" मी म्हटलं, "घरी." त्याने गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी पुण्याकडून भरून येताना, घाटाच्या उतारावर ते चाक पेटल्यासारखं तापलं. थाळी तडकली, गाडी एका अंगाला ओढली गेली आणि डोंगराच्या कड्यावर आदळली. बबन जगला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीला दोन माणसं गॅरेजवर आली. बबनने हॉस्पिटलमधून सांगितलं होतं, मामांची रेघ बघून गाडी काढली. मालकाने विम्याच्या भीतीने फुलीचं नाव काढलं नाही आणि टपरीवरचे ते चौघे वाटेवरचे ड्रायव्हर केव्हाच पुढे गेले होते. सगळ्यांसमोर त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "गाडी तुम्ही तपासली होती?"

मिस्त्रींनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी रचलेल्या टायरांकडे बघत होतो.

"तपासली मीच व्हती."

"मग अशी कशी सोडली?"

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मला बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मग ते म्हणाले, "चुकलं माझं." हत्यारांच्या कपाटाची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मला वाटलं, माझ्यावर उपकार केले. मला वाचवलं. मी मनातल्या मनात त्यांना चांगला माणूस म्हटलं आणि संध्याकाळी नीट जेवलो.

त्यांचं नाव मात्र महिन्याभरात संपलं. ज्या ड्रायव्हरांना रेघेशिवाय चैन पडत नसे तेच म्हणायला लागले, म्हाताऱ्याची नजर गेली होती. स्टँडवर ते सवयीने चाकाशी वाकले तर कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, राहू द्या. आम्हाला दोनच पाय आहेत." लोक हसले. त्यानंतर ते एसटीत इतरांसारखे सरळ चढायचे आणि मागच्या सीटवर खिडकीशी बसायचे. हे मला त्याच कंडक्टरने सांगितलं. सांगताना तो हसत नव्हता.

दोन वर्षांनी बबन गॅरेजवर आला. कुबडीचा दांडा मोडला होता, तो वेल्डिंग करून हवा होता. काम होईपर्यंत बाकावर बसला. मी उगाच विचारलं, "मिस्त्री भेटतात का रे कधी?"

"दर रविवारी येत्यात की."

"तुझ्या वाडीवर?"

"हां. पहिल्यांदा आईनं पार शिव्या घालून हाकललं. मग समोरच्या वट्यावर बसून राहिलं. दुसऱ्या रविवारी परत. तिसऱ्या वेळेला आईच म्हनली, बसा आत, ऊन हाय." बबन हसला. "आता माझा नकली पाय मांडीवर घेऊन बसत्यात. सांधा हलवत्यात, कान लावत्यात. आईला म्हनत्यात, गप बस गं जरा, ऐकू दे. पट्टा दोनदा बदलून दिला त्यांनी."

"आणि त्या दिवसाबद्दल?"

"बोललं ना एकदा. म्हनलं, बबन, मी फुली मारली व्हती. पन मला राग आला आन् मी घरी गेलो. फुली काय, कुणीबी पुसंल. मी चाकापुढं बसायला पायजे व्हतं. रागानं गेलो तिथंच माझं चुकलं." बबनने कुबडी काखेत घालून बघितली. "कुणी पुसली इचारलं, तर म्हनलं, ते मी बघितलं नाय, न बघितलेलं सांगू कसं?"

तेव्हा मला कळलं की त्यांनी मला वाचवलं नव्हतं. "चुकलं माझं" हे त्यांनी खरंच मानलं होतं. आयुष्यात एकदा या माणसाला राग आला आणि बबनच्या पायाची किंमत ते त्या रागावर लावून बसले होते. मी गप्प राहून त्यांना तसं मानू दिलं होतं. बबनला मी फुलीचं सगळं सांगितलं, पण ते मिस्त्री वारल्यानंतर. तो एवढंच म्हणाला, "मामांना सांगितलं व्हतं का?" आणि माझ्याकडे न बघता उठला.

बबन कुबडी घेऊन गेला त्याच आठवड्यात मी मिस्त्रींच्या गावी गेलो होतो. एसटीत बसल्यापासून एक वाक्य मनात घोकत होतो. त्यांची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. दारात एकच चप्पलजोड. मिस्त्री खाटेवर बसले होते, छाती भरलेली. मला बघून उठायला गेले, मी नको म्हणालो तरी उठले आणि स्टोव्ह पेटवला.

"गाड्या येत्यात का?"

"येतात. पूर्वीएवढ्या नाही."

"पावसाळ्याच्या तोंडावर पिनांच्या रबरी टोप्या बघत जा, शेट. टोपी फाटली की पाणी आत, आन् पाणी आत गेलं की संपलं." बोलता बोलता खोकला आला. मग म्हणाले, "बबनचा पाय आता बरा चालतो. चढावर जरा अडखळतो. बघू."

चहा झाला. पाऊणेक तास मी बसलो. सगळं बोललो, माझं गुडघ्याचं दुखणं, रस्त्याचं काम, पनवेलला सामान मिळत नाही ते. उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले. चौकटीला धरून उभे राहिले.

"शेट, काय बोलायचं व्हतं का?"

ते थांबले होते. घाई नव्हती त्यांना. माझ्या चेहऱ्याकडे ते इतकं निवांत बघत होते की मला वाटलं, यांना माहीत आहे. मग वाटलं, नाही, माहीत नाही. अजून आठवतं तेव्हा दोन्ही वाटतं.

"नाही हो, मिस्त्री. इकडं काम होतं, म्हणून डोकावलो."

"बरं झालं आलात," ते म्हणाले.

अकराव्या दिवशी त्यांच्या पुतणीचा फोन आला, काका गेले.

घोकलेलं वाक्य लांब नव्हतं. मिस्त्री, फुली मी पुसली होती. आणि तुम्ही रागाने गेला नव्हतात, मी तुम्हाला घालवलं होतं.