अप्पांच्या चौकोनी रेल

त्या मंगळवारी कारखाना बंद होता आणि अप्पांनी सकाळीच जाहीर केलं, "आज मशीन नाचवून दाखवतो!"

अप्पा म्हणजे माझे वडील, कापडाच्या लूम कारखान्यातले फिटर. मशीन म्हणजे संगणक सांगेल तसं लाकूड कोरणारं, त्यांनी घरीच जुळवलेलं राऊटर. नवागामच्या आमच्या पुढच्या खोलीत ते असं पसरलं होतं की पाहुण्याला चहा प्यायचा तर एक पाय मशीनच्या चौकटीत आणि दुसरा उंबऱ्यात!

कटरची आडवी गाडी ज्यांच्यावरून सरकते त्या दोन रेल तेवढ्या बाकी होत्या. आम्ही दोघं दुकानात गेलो.

"काका, गोळ लई जाओ, सस्तुं पडशे!" गुजराती दुकानदार म्हणाला.

अप्पांनी भरताचं वांगं निवडावं तशी गोल दांडी फिरवून पाहिली. "नको. ही मधे वाकते, पोट काढते. चौकोनी दाखव."

मग चौकोनी रेलवरचा, गाडीला धरणारा एकेक ठोकळा डोळे मिटून सरकवून पाहिला. दुकानदाराने दोनदा चहा मागवला, तोही स्वतःसाठीच!

संध्याकाळी मशीन काही नाचलं नाही. अप्पा खिचडी खाऊन "उद्या बसवू" म्हणाले आणि झोपले.

सकाळी ते उठले नाहीत.

दिवसकार्य झालं, तशी बमरोलीची सखुआत्या आईला म्हणाली, "वहिनी, भावाचा हा सांगाडा रोज बघशील आणि रोज रडशील. भंगारात दे."

आई म्हणाली, "भंगारवाल्याला उद्या बोलावते. योगे, त्याआधी मशीन चाललं तर राहील."

"आत्ता चालवते!" मी म्हटलं. दोन सरळ पट्ट्या सरळ बसवायच्या. एवढी पुस्तकं वाचलेल्या बाईला हे काय अवघड?

दुपारी मी दोन्ही रेल पट्टीने मोजल्या, गुण्याने काटकोनात तपासल्या, सगळे स्क्रू जीव खाऊन आवळले आणि गाडी ढकलली. ती मध्यापर्यंत गेली आणि माहेरून निघालेल्या नव्या नवरीसारखी अडून बसली! मी ढकललं. मी विनवलं. शेवटी भिंतीला पाय लावून ओढलं, तेव्हा ती अशी सुटली की एक ठोकळा रेलच्या टोकावरून निसटला, आणि त्याच्या पोटातल्या बारीक गोळ्या टणाटण खोलीभर!

नेमकी तेव्हाच आत्या बमरोलीच्या बायकांना घेऊन दुखवट्याला दारावर आली. तोंडावर पदर, गळ्यात हुंदका.

"पाय टाकू नका!" मी ओरडले.

रडणं जागच्या जागी थांबलं. आत्याने खाली पाहिलं आणि ती किंचाळली, "माय व! वहिनीनी पोत तुटनी!"

आईच्या मंगळसूत्राची पोत तुटली म्हणून मग जे रडणं सुरू झालं ते आधीच्या चौपट! रडत रडतच सगळ्या जणी जमिनीवर बसल्या आणि गहू निवडावेत तशा गोळ्या वेचू लागल्या.

एक म्हातारी गोळी उजेडात धरून म्हणाली, "पन या मणी काया नहीत व!"

"काळ्या कशा असतील? स्टीलच्या आहेत," मी म्हटलं.

"स्टीलनी पोत?" आत्याचा हुंदका अर्ध्यात राहिला. "माझ्या भावानं वहिनीला स्टीलची पोत केली होती?"

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती! अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. मग एकेक करत सगळ्याच हसल्या, पदर तोंडावर तसेच.

गोळ्या ग्रीसने चिकटवत मी ठोकळ्यात परत बसवल्या. तो रेलवर चढेना म्हणून दुसऱ्या रेलचे सगळे स्क्रू सैल केले. ठोकळा चढला. स्क्रू आवळणार, तेवढ्यात आत्याने पाळण्याला द्यावा तसा गाडीला झोका दिला.

"आत्या, नको!"

गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गपचूप! सैल रेल तिच्यासोबत जराशी हलली आणि स्वतःच आपल्या जागी बसली. म्हणजे एक रेल पक्की करायची आणि दुसरीची जागा गाडीला ठरवू द्यायची!

"आई, हळूहळू ओढ!" आई गाडी ओढत गेली, मी तिच्या मागोमाग एकेक स्क्रू आवळत गेले. शेवटचा आवळला. आईने एका बोटाने गाडी ढकलली, आणि ती लोण्यावरून जावी तशी गेली.

"भंगारवाल्याला नको सांगू," आई म्हणाली.

आमच्या घरात कुणाच्याही कामाला 'बरं आहे'च्या वर मार्क देत नाहीत. अप्पांना तर तेवढेही क्वचितच मिळाले. मला गप्प राहवेना. समोर बमरोलीच्या सगळ्या बायका बसलेल्या, माझे हात ग्रीसने माखलेले, आणि मी त्यांच्यादेखत मोठ्याने म्हणाले, "अप्पा, तुमचं काम एकदम फर्स्टक्लास आहे!"