बाल्तासारला हवा

साखर कारखान्यातले पंप फर्मिनने उभी हयात चालते ठेवले होते. त्यामुळे शेजारच्या नेरेइदाबाई मुलीकडे कामागुए शहरात सुट्टीला निघाल्या आणि आपला मासा बाल्तासार कुणाच्या हवाली करायचा या काळजीत पडल्या, तेव्हा तो छाती काढून पुढे झाला.

"बाई, मी कारखाना सांभाळलाय. एक मासा म्हणजे किस झाड की पत्ती."

"सकाळी चिमूटभर खाणं," बाई म्हणाल्या. "आणि टाकीतलं ते हवेचं यंत्र जपा. बिघडलं तर सगळ्या सिएनफुएगोस शहरात दुसरं मिळायचं नाही."

बाई विधवा, फर्मिन एकटा. वर्षभर त्याने आंबे पोचवले, नळ दुरुस्त केले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं नव्हतं. आता घराची किल्लीच हातात आली होती. बाल्तासार जगला तर पुढचं काही बोलता येणार होतं. मेला तर बाई तोंडही बघणार नव्हत्या.

बाईंची बस सुटली आणि दुपारीच वीज गेली. वीज जाण्याचं कुणाला काही वाटत नाही, पण यंत्राची गुरगुर थांबली आणि फर्मिन टाकीकडे धावला. लाल झालरीचा बाल्तासार वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून त्याने आ वासला.

"गुदमरतोय बिचारा," फर्मिन म्हणाला आणि सायकलचा पंप घेऊन आला. नळी पाण्यात सोडून हवा मारायला लागला. थांबला की मासा वर येऊन आ करायचा. की पुन्हा पंप! संध्याकाळ व्हायच्या आत त्याचे खांदे गळून आले.

त्याने खिडकीतून आपल्या पलीकडच्या शेजाऱ्याला, चेओला हाक मारली. चेओ कोपऱ्यावर ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डॉमिनो खेळत होता.

"डाव टाकून माशाला वारा घालायला येऊ? वेड लागलंय का तुला?"

"मग डाव इकडे आण."

झालं. टेबल, खुर्च्या, रमची बाटली आणि बघे, सगळं बाईंच्या बैठकीत आलं. आमच्याकडे हरलेल्या जोडीने उठायचं असतं, हा नियमच आहे. फर्मिनने त्याला शेपूट जोडलं. उठलेल्यांपैकी एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने पुठ्ठ्याने वारा घालायचा. पंपाच्या भीतीने माणसं अशी जीव तोडून खेळायला लागली की एरवी आळशी म्हणून बदनाम असलेला चेओसुद्धा सोंगट्या मोजू लागला.

वीज येई, जाई. गेली की पंप सुरू. तिसऱ्या दिवशी हरलेल्या एका दांडगटाने रागाच्या भरात असा काही जोर लावला की टाकीतलं पाणी उसळलं आणि त्याच्यासोबत बाल्तासार थेट टेबलावर, सोंगट्यांच्या मधोमध येऊन पडला. नेमका त्याच क्षणी चेओने दुहेरी नव्वाची सोंगटी आपटायला हात उगारला होता.

हात हवेतच थांबला. डॉमिनो आपटूनच खेळायचा असतो, पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चेओने सोंगटी हळूच खाली ठेवली.

फर्मिनने ओंजळीत मासा उचलून टाकीत सोडला आणि वळून बघतो तर दारात नेरेइदाबाई, हातात पिशवी.

"कामागुएला याहून जास्त अंधार आहे, म्हणून परत आले," त्या म्हणाल्या. "हे काय चाललंय?"

"बाई, वीज नव्हती. तो गुदमरत होता. आम्ही तीन दिवस पाळीपाळीने हवा दिली त्याला."

बाईंनी ओला सोफा पाहिला, पंप पाहिला, फर्मिनचे सुजलेले हात पाहिले.

"अहो, हा लढाऊ मासा. वर येऊन तोंडाने बाहेरची हवाच घेतो. बाजारात बाटलीत घालून विकतात याला."

ओरडावं की रडावं हेच फर्मिनला कळेना. पंप मारणारा दांडगट मात्र मटकन जमिनीवर बसला.

"मग ते यंत्र कशाला?" फर्मिनने कसंबसं विचारलं.

बाई जरा लाजल्या. "ते माझ्यासाठी. आमचे हे रात्रभर घोरायचे. ते गेल्यापासून घर इतकं गप्प झालं की झोपच येईना. यंत्राची गुरगुर असली की डोळा लागतो." मग सोफ्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "फर्मिन, तुम्ही घोरता का हो?"

जन्मभर 'मी घोरत नाही' म्हणत आलेल्या फर्मिनने तोंड उघडलं, पण चेओ आधी बोलला.

"बाई, याच्या भिंतीपलीकडे मी राहतो. वीज असो नसो, एक रात्र चुकत नाही."