रुबिना मॅडमना पसंत नाही

रुबिना मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की सलामाआधी भिंतीवर टिचकी मारतात. "जिप्सम. पोकळ," असं म्हणून घरमालकाकडे अशा बघतात, जणू तोही आतून तसाच असावा.

मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, आर्किटेक्ट झाल्या मुंबईत, आणि आता दुबईकरांची घरं सजवतात. सजवतात म्हणजे गिऱ्हाइकाने हौसेने आणलेलं सगळं बाहेर काढतात. मी त्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. सोनेरी नळ दिसला की त्यांना मळमळतं. एका बाईंनी बेडरूमच्या भिंतींसाठी गुलाबी मखमल दाखवली. "यल्ला, लावा," मॅडम म्हणाल्या. "मग आत अंगठी ठेवा आणि डबी बंद करा."

मीही सुटलो नाही. नवा शर्ट घालून गेलो तर म्हणाल्या, "सावंत, हे कापड पडद्याचं आहे. मी पडद्यालासुद्धा नको म्हटलं असतं."

गेल्या महिन्यात दुबई मरीनातल्या मुकादमांचं काम आलं. मुकादम खेडचे, रास अल खोरला कांद्याबटाट्याचं गोदाम. त्यांची म्हातारी आई गावाहून कायमची राहायला येणार होती. नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले, "अम्माला ही खोली."

ती स्टोअररूम होती. खिडकी नाही.

"आणि समुद्राकडची?" मॅडमनी विचारलं.

"तिथे होम थिएटर. अम्माला काय, नमाजपुरती जागा असली की झालं."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "मुकादम, तुमच्या गोदामात कांद्यालाही वारा लागतो ना?"

मुकादमांची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "शी हॅज अ पॉइंट, डॅड."

मुकादम लालबुंद. "तुम्ही डिझाइन बघा, मॅडम. माझी आई मी बघतो."

"खलास. मग दुसरा डिझायनरही तुम्हीच बघा."

एवढं मोठं काम गेलं. दुसऱ्या दिवशी मॅडम तापाने आल्या नाहीत, म्हणून सह्यांसाठी बाकीचे नकाशे घेऊन मी शारजाला, रोल्लातल्या त्यांच्या घरी गेलो. जगाला नावं ठेवणारीचं घर बघायला मिळणार म्हणून मी आतून खूश होतो. हॉलमध्ये नकाशांची भेंडोळी आणि एक फोल्डिंगची खाट. मॅडम तिच्यावरच पडून होत्या; रोजही तिथेच झोपत असाव्यात.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीशी बुटका पलंग, धरून उठायला लाकडी कठडा, नमाजाआधी बसून हातपाय धुता येतील, वजू करता येईल एवढ्या उंचीवर नळ. चादरीला एक सुरकुती नाही.

"ही कुणाची, मॅडम?"

"आईची. ती येते येते म्हणायची. मी म्हणायचे, थांब, रंग मनासारखा होऊ दे. किती वेळा खरवडला." त्या खोकल्या. "शेवटी रंग जमला. मग गावाहून फोन आला."

मी हातातले नकाशे खाली ठेवले.

"सावंत, जरा त्या पलंगावर बस. काय दिसतं ते सांग. मी अजून बसून बघितलेलं नाही."

मी बसलो. समोर एसींची रांग, आणि मधल्या फटीतून खाडीचा एक तुकडा.

"पाणी दिसतं, मॅडम."

"होडी?"

मी मान वाकडी केली. "एक आहे. लाकडी."

"हं," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.