दुसरा महिना की आठवा?

"काका, यातली एमान मॅडमची कुठली?" समिधाने विचारलं. गोदामात पेट्या हाताळणाऱ्या गणूकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या गोदामात लोकांच्या मौल्यवान वस्तू सांभाळल्या जात. टेबलावरच्या पेटीत दोन जपानी तलवारींची उघडी पाती शेजारी शेजारी पडली होती. तीनशे वर्षांपूर्वी एकाच लोहाराने, एकाच वर्षी घडवलेली. एक तलवार खलिफा सिटीतल्या एमान मॅडमची, दुसरी शारजाच्या शहरबानू मॅडमची. दोघी जिवलग मैत्रिणी. दोन्ही तलवारी ज्यात मांडल्या होत्या ते प्रदर्शन संपलं होतं आणि आपापली तलवार न्यायला त्या आजच येणार होत्या, एमान साडेतीनला आणि शहरबानू पाचला. समिधाची ही पहिलीच नोकरी आणि प्रोबेशन संपायला चार दिवस उरलेले.

फोटो काढण्यासाठी तिने दोन्हींच्या मुठी आणि म्यानं उतरवली होती. नावाच्या चिठ्ठ्या होत्या त्या मुठींना आणि म्यानांना. नेमका तेव्हाच फायर अलार्म वाजला. असला जुना जिन्नस उघडा टाकून पळणं गणूकाकांच्या जिवावर आलं. त्यांनी दोन्ही पाती एकाच पेटीत घातली, कुलूप लावलं आणि मगच ते बाहेर धावले. बाहेर गेल्यावर कळलं, नुसतं ड्रिल होतं.

"डावीकडची एमान मॅडमची होती. आय अ‍ॅम शुअर," समिधा म्हणाली.

"तुमच्या डावीकडची की माझ्या? मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो, ताई."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

फाइलीतल्या खरेदीच्या कागदांप्रमाणे लांबीत दोन मिलिमीटरचा फरक होता. गणूकाकांनी पँटीला अडकवलेला स्टीलचा टेप काढताच समिधा किंचाळली, "काका, ओरखडा पडेल!" मग कापडी टेप शोधून आणला. तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. श्वासाची वाफ पात्यावर नको म्हणून दोघांनी मास्क लावले होते. त्यामुळे कोण किती घाबरलंय ते फक्त डोळ्यांत दिसत होतं.

"म्यानात घालून बघूया?" काकांनी विचारलं.

"आणि चुकीच्या म्यानात अडकली तर?"

"मग खाली नाव कोरलंय ते वाचा की."

"नाव एकच आहे, काका! लोहारच एक आहे ना!" समिधाने फाइलीची पानं उलटली आणि ती थबकली. "थांबा. महिना कोरलाय. एमान मॅडमची आठवा महिना, शहरबानूंची दुसरा. जपानीत दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. आठ म्हणजे दोन तिरप्या रेघा, खाली फाकलेल्या."

"म्हणजे दोन्हीकडे दोनच रेघा? या माणसाला दुसरे महिने मिळाले नाहीत?"

मुठीत शिरणाऱ्या भागावर काळपट गंज होता. गणूकाकांचा रुमाल पुढे सरकताच तिने त्यांचं मनगट धरलं. "पुसायचं नाही! त्या गंजावरूनच तर तिचं वय कळतं."

"आमच्याकडे राजापुरात कोयत्यावर एवढा गंज दिसला असता तर आईने जेवायला वाढलं नसतं," काका पुटपुटले. पण त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला, डोकं टेबलाला टेकवलं आणि उजेड तिरपा धरला. बराच वेळ गेला. "ताई, ही बघा. छपरासारखी. वरचं एक कौल उडाल्यासारखं."

समिधाने पाहिलं. आठवा महिना! दुसऱ्या पात्यावर दोन आडव्या रेघा स्पष्ट होत्या. एमानची मूठ पात्यावर बसवली, बांबूची खुंटी ठोकली आणि पातं म्यानात अलगद उतरलं. तीन पंचवीस. दोघांनी मास्क काढून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

एमान मॅडम बरोबर साडेतीनला आल्या. "यल्ला, जल्दी दिखाओ." तलवार अर्धी उपसून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ये मेरा नहीं है."

समिधाने फाइल पुढे केली. "मॅडम, फाइल में आठवां महीना..."

"गलती मेरा है, मॅडम," गणूकाका मधे पडले. "दोनों पेटी में मैंने डाला."

"नाही काका, म्यानं मी काढली होती." आणि समिधाने अलार्मपासूनची सगळी हकीकत सांगून टाकली. नोकरी गेली असं मनाशी धरल्यावर सांगणं सोपं गेलं.

एमान मॅडम खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दरवाजा बंद करो."

नऊ वर्षांपूर्वी दोघी मैत्रिणींनी तलवारी एकत्र विकत घेतल्या होत्या. घरी आणून दोन्ही उघडल्या, तेल लावलं, मधे चहा झाला आणि परत घालताना एमानच्या हातून अदलाबदल झाली. महिनाभराने त्यांच्या ते लक्षात आलं. पण तोवर हीच तलवार त्यांना आवडायला लागली होती. पात्यावर मुठीजवळच्या पांढुरक्या लाटेत एक इवलासा भोवरा होता, तो शोधल्याशिवाय त्यांचा शुक्रवार जात नसे.

"शहरबानू को मालूम नहीं," त्या कुजबुजल्या. "मालूम हुआ तो दोस्ती खलास."

पाती पुन्हा बदलली गेली. एमान मॅडम सही करून गेल्या आणि समिधा हिशेब करून हादरली. शहरबानूंच्या फाइलीत दुसरा महिना, पेटीत आठवा, आणि पाच वाजता त्या येणार. त्यांनी एकदा खोक्याचा कोपरा चेपला म्हणून अख्खं ऑफिस उभं केलं होतं.

त्या आल्या. गणूकाकांनी पेटी पुढे ठेवली. समिधाने सहीचा कागद पुढे केला.

"एमान ले गई अपना?"

"हां, मॅडम."

"खोल के देखा उसने? ठीक से?"

"खिडकी के पास, मॅडम. बहुत देर."

"कुछ बोली?"

समिधाने नुसती मान हलवली. नाही. शहरबानूंनी पेटी उघडलीसुद्धा नाही. कागदावर झरझर सही केली, ड्रायव्हरला पेटी उचलायला सांगितली आणि निघाल्या. दारात मात्र त्या थांबल्या आणि मागे वळल्या.

"तुम लोगों ने नीचे लिखा हुआ महीना तो नहीं देखा ना?"

समिधा आणि गणूकाका, दोघांच्याही माना एकदमच हलल्या. नाही.

"अच्छा किया," शहरबानू आवाज खाली आणत म्हणाल्या. "एमान को मत बताना. उसको मालूम नहीं है."