टाकी भरली

गोरखबद्दल साळुबाईंची एकच तक्रार होती, पण पक्की होती. आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा! नोकरी मंचरला, आई आणि मुलगी आरोही बोरीला, त्यामुळे हे सगळं फोनवर चालायचं.

"गोरख, टाकी भरली रं."

"मग मोटर बंद कर की, आये."

"अरं, वर याया लागलीय..."

"म्हणून तर सांगतोय, मोटर बंद कर!" गोरखने फोन ठेवला.

शनिवारी गोरख आला तो थेट गच्चीवर. दुसऱ्या दिवशी आणे गावचे पावणे आरोहीला बघायला यायचे होते. "आये, टाकी निम्मी रिकामीच हाये!" वरून तो ओरडला आणि त्याने मोटर लावली. संडास तुंबलेला दिसल्यावर पाण्याचा जोर कमी पडत असेल म्हणून बादल्यांवर बादल्या ओतल्या. ओतलेलं सगळं परत त्याच्या पायांवर आलं, तेव्हा कुठे कोणती टाकी ते कळलं.

"मैल्याची व्हय! तसं सांगायचं की!"

"सांगू दिलंस व्हय?"

आता झाकण सापडेना. दिवाळीत गोरखने अंगणभर रंगीत ब्लॉक बसवले होते, झाकणावरसुद्धा. त्याने घरामागे ओल बघून कुदळ मारली.

"तो शोषखड्डा, लेका. टाकी अलीकडं."

"एकच की दोनी."

"एक कसं? संडासातला पाइप पडतो पयल्या कप्प्यात. जड ते खाली बसतं. वरचं नितळ पाणी मधल्या भिंतीच्या भोकातनं दुसऱ्यात, तिथनं शोषखड्ड्यात, मग जमिनीत मुरतं. गाळ साचला की सगळं माघारी येतं. अन् वास जायाची उभी नळी कुटं गेली?"

"कापली. बंगल्याला शोभत नव्हती."

आरोही उकिडवी बसून ऐकत होती. "आज्जे, हे रोज आपल्या पायाखाली चालतं?"

"रोज. आपण झोपलो तरी."

घर बांधताना फरशीचा रंग निवडायला सगळं गाव आलं होतं. या खड्ड्याशी उभं राहायला साळुबाईंशिवाय कुणी फिरकलं नव्हतं.

रविवारी पाइपाच्या रेषेत ब्लॉक उचकटले, झाकण सापडलं. उपसा करणारी गाडी आणि पावण्यांची गाडी फाटकात एकदमच आल्या. गोरख धावला. "पावणं, जरा देवदर्शन करून येता का?"

"कंचा देव?"

"भीमाशंकर. सांजच्यापत्तुर याल माघारी."

मुलाचे वडील दादाभाऊ नाकाला रुमाल लावून उतरलेच. "एवढा कुटाणा कशाला, भाऊ? आमी पाइप थेट ओढ्यात सोडलाय. टाकीच न्हाई, तर भरंल कशी?"

दादाभाऊ हसले, गोरखही मोठ्यांदा हसला. तेवढ्यात आरोही चहा घेऊन आली.

"ओढ्याच्या खाली कोण राहतं, काका?"

"हाये की वस्ती."

"त्यांची विहीर?"

दादाभाऊंनी घाईने चहाचा घोट घेतला. मुलगा चपलांकडे बघत बसला.

"आधी टाकी बांधा," आरोही म्हणाली, "मग बोलू."

चहा संपला, पावणे उठले, पोह्यांचं कुणी नावही काढलं नाही. गोरखने कपाळाला हात लावला. "चांगलं स्थळ गेलं, आये! बागाईत, ट्रॅक्टर, दुमजली घर. पोरीला तू गप करायचं व्हतंस."

साळुबाईंनी पदर खोचला.

"आपली घाण दुसऱ्याच्या पाण्यात सोडून जे हसत्यात, त्या घरात माझी नात जायाची न्हाई. तुला लई आवडलं असंल, गोरख, तर तू जा तिथं नांदायला!"