साहेब गेल्यावर उतरणारा रक्तदाब

आमच्या रुग्णालयातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाईंनी वाढत्या रक्तदाबाचं एक मोठं कारण शोधून काढलं. असा कोणताही शोध लागलेला नाही.

वैद्यकातला मोठा शोध नेहमी विभागप्रमुखालाच लागतो. इतरांना फार तर शंका येते. आमच्या प्रमुखसाहेबांना लागलेला शोध म्हणजे एक जांभळं औषध. सकाळी साहेब वॉर्डात फेरी मारत, स्वतःच्या हाताने प्रत्येकाचा रक्तदाब मोजत, तो हमखास वाढलेला निघे, आणि औषध लिहून देऊन साहेब पुढे जात. दुपारी नर्स मोजायची तेव्हा तो उतरलेला असे. शंभर टक्के रुग्णांना गुण! (उरलेल्यांनाही थोडाफार आला.)

औषध नेमकं काम कसं करतं, एवढीच किरकोळ बाब बाकी होती. ती शोधायला बाईंना सांगण्यात आलं. खिडकीजवळच्या खाटेवर त्यांचे सासरेही होते. आले होते गुडघ्यासाठी, ठेवून घेतले रक्तदाबासाठी. औषध घेतल्यापासून उभं राहिलं की त्यांना भोवळ यायची.

"अगं, तो तुझा साहेब दारात दिसला की माझ्या पोटात गोळा येतो," सासरे म्हणाले. "गेला की भूक लागते. आज तर औषध कुंडीत ओतलं. तरी बीपी उतरलंच की!"

(कुंडीतल्या रोपाने मान टाकली. तेव्हा औषध निष्प्रभ आहे असं कुणी म्हणू नये.)

पुढे साहेब सर्दीने घरी राहिले. बाईंनी तेवढ्यात औषध बंद ठेवून पाहिलं. वॉर्डात कुणाचाही रक्तदाब वाढला नाही. साहेब परतल्यावर हा निष्कर्ष त्यांनी रुग्णालयाच्या संशोधन समितीपुढे मांडला.

"म्हणजे रोग मी आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. तुम्ही फक्त कारण आहात."

शास्त्रात पडताळणीला पर्याय नाही. म्हणून तिथेच, साहेबांच्या देखरेखीखाली, समितीच्या सदस्यांचे रक्तदाब मोजले गेले. झाडून सगळ्यांचे वाढलेले निघाले. त्यावरून रोग वॉर्डापुरता नसून सार्वत्रिक आहे, हे सिद्ध झालं. सदस्यांना औषध सुरू झालं आणि साहेबांना सुवर्णपदक मिळालं. बाईंच्या योगदानाचाही गौरव झाला: समारंभाआधी माईक चालतो का, ते त्यांनी पाहिलं होतं.

सासरे अजून खाटेवरच आहेत. घरी सोडायला साहेबांची सही लागते, आणि स्वतः मोजलेला रक्तदाब नॉर्मल निघाल्याशिवाय साहेब सही करत नाहीत.

"मला घरी सोडायचं तर आधी त्याला घरी सोडा," सासरे सुनेला म्हणतात. तेही हळूच.

सबब, साहेबांनी वॉर्डात न येता सासऱ्यांचा रक्तदाब स्वतःच्या हाताने मोजावा, अशी नम्र विनंती करण्यात येत आहे. इथवर हसलेल्या सर्व वाचकांनी साहेबांच्या खोलीत येऊन, साहेबांच्या डोळ्यांसमोर, या विनंतीखाली सही करावी, हीही विनंती.